तळण न काढता ॲपल फ्रिटर्स: ओव्हनमधले, तरीही बाहेरून कुरकुरीत

ॲपल फ्रिटर म्हणजे पिठात सफरचंदाच्या फोडी घालून तळलेलं गोड भजं. ओव्हनमधले ॲपल फ्रिटर्स फसतात ते बहुतेक वेळा सफरचंदाच्या पाण्यामुळे. सफरचंदाच्या वजनात साधारण ८५ टक्के पाणी असतं. फ्रिटर गरम तेलात पडला की त्याला सगळीकडून एकदम उष्णता मिळते, वरचा थर लगेच आवळतो आणि कडेच्या फोडींतलं पाणी वाफ होऊन निघून जातं. ओव्हनमधली हवा तितकीच तापलेली असली तरी ती उष्णता फार सावकाश देते. तेवढ्या वेळात फोडींना पाणी सुटतं, पीठ पसरतं आणि हाती येतात चपट्या, ओलसर चकत्या. म्हणून तळणाची कृती जशीच्या तशी ट्रेवर उतरवून चालत नाही. सफरचंदाचं पाणी आधीच कढईत आटवायचं, पीठ तळणापेक्षा बरंच घट्ट ठेवायचं आणि बटर पिठात कमी घालून थोडं बाहेरून लावायचं. एवढं पाळलं तर तळलेल्या फ्रिटरची खडबडीत, तांबूस कड घरच्या ओव्हनमध्येही मिळते.

साहित्य (१० फ्रिटर्स)

सफरचंदासाठी: मध्यम आकाराची ३ सफरचंदं (सालासकट साधारण ४५० ग्रॅम), बटर १५ ग्रॅम, साखर २० ग्रॅम, लिंबाचा रस १ छोटा चमचा, दालचिनी पूड अर्धा छोटा चमचा.

पिठासाठी: मैदा २०० ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, खाण्याचा सोडा पाव छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, दालचिनी पूड अर्धा छोटा चमचा, किसलेलं जायफळ चिमूटभर, १ अंडं, घट्ट दही १०० ग्रॅम, दूध ३० ते ४० मिली, वितळवून कोमट केलेलं बटर ४० ग्रॅम. वरून लावायला आणखी २० ग्रॅम बटर.

ग्लेझसाठी (वरून चढवायचा साखरेचा दाट थर): पिठीसाखर १५० ग्रॅम, दूध २ मोठे चमचे, व्हॅनिला इसेन्स अर्धा छोटा चमचा, मीठ चिमूटभर.

छोटा चमचा म्हणजे ५ मिली आणि मोठा म्हणजे १५ मिली. मैदा शक्यतो वजनानेच घ्या. वाटी दाबून भरली की मैदा सहज वीस-पंचवीस टक्के जास्त येतो आणि फ्रिटर कोरडा होतो.

सफरचंद

कडक आणि आंबटसर सफरचंद निवडा. ग्रॅनी स्मिथ सगळ्यात भरवशाचं: त्याच्या फोडी शिजूनही आकार धरून ठेवतात आणि आंबटपणामुळे ग्लेझचा गोडवा सुसह्य होतो. मॅकिंटॉशसारखं लवकर विरघळणारं सफरचंद इथे नको, त्याचा गर होऊन पिठात मिसळून जातो. फक्त गोड सफरचंद मिळत असेल तर लिंबाचा रस दुप्पट करा. आंबटपणाने चव उठते आणि फोडी मोडायलाही जास्त वेळ लागतो.

साल आणि मधला भाग काढून एक सेंटिमीटरच्या फोडी करा. याहून मोठ्या फोडी पिठातून निखळतात आणि त्यांच्याभोवतीचं पीठ कच्चं राहतं. फार बारीक केल्या तर भाजल्यावर सफरचंद जाणवतच नाही. किसून तर मुळीच घालू नका, किसाला सगळ्यात जास्त पाणी सुटतं.

पसरट कढईत बटर तापवा. फोडी, साखर, लिंबाचा रस आणि दालचिनी घालून मध्यमपेक्षा थोड्या मोठ्या आचेवर ६ ते ८ मिनिटं परता, झाकण ठेवू नका. साखरेमुळे पहिल्या दोन-तीन मिनिटांत बरंच पाणी सुटेल. ते आटू द्या. कढईच्या तळाशी पातळ रस उरला नाही, फोडींवर चकाकणारा दाट पाक चढला आणि फोड दाबली असता मध्ये अजून थोडी टणक लागली, की गॅस बंद. वजनकाटा असेल तर अंदाजाचं कामच नाही. सोलून चिरलेल्या साधारण ३५० ग्रॅम फोडी परतून २४० ते २५० ग्रॅमवर आल्या पाहिजेत. २८० च्या वर काटा थांबला तर अजून पाणी आहे, पुन्हा दोन मिनिटं परता.

मग फोडी ताटलीत पसरून पूर्ण गार करा. ही पायरी घाईत सुटते आणि तिथेच पीठ बिघडतं. गरम फोडींनी बेकिंग पावडर ओव्हनच्या आधीच काम करायला लागते, पीठ सैल पडतं आणि फ्रिटर उभा राहत नाही.

पीठ

आता ओव्हन लावा: २१० अंश सेल्सिअस, वरची-खालची दोन्ही कॉइल. पंख्याचा ओव्हन असेल तर १९० पुरे. जड ट्रे आतच ठेवून २० मिनिटं तापू द्या. तापलेल्या ट्रेवर पडल्याबरोबर फ्रिटरचा तळ आवळतो, त्यामुळे तो पसरत नाही.

मैदा, बेकिंग पावडर, सोडा, मीठ आणि मसाले एकत्र चाळा. दुसऱ्या भांड्यात अंडं, साखर, दही, ३० मिली दूध आणि कोमट बटर फेटून घ्या. अंडं आणि दही फ्रिजमधून थेट काढलेलं नको, गारव्याने बटरच्या गुठळ्या होतात. आता ओलं मिश्रण कोरड्यात ओता आणि रबरी उलथण्याने खालून वर असं दहा-बारा वेळा फिरवा. थोडा कोरडा मैदा दिसत असतानाच फोडी घाला आणि आणखी चार-पाच वेळा फिरवून थांबा. गुठळ्या राहिल्या तरी चालेल. मैदा ओला झाल्यावर जितकं ढवळाल तितकं ग्लुटेन तयार होतं आणि फ्रिटर वातड होतो.

पीठ चमच्यावर ढिगासारखं बसलं पाहिजे आणि चमचा उलटा केला तर एकदम न पडता ओघळत, सावकाश सुटलं पाहिजे. आपोआप वाहत असेल तर एक मोठा चमचा मैदा घाला, चमच्याला घट्ट चिकटून बसलं तर उरलेलं दूध. दोन्हींपैकी थोडं घट्ट पीठ बरं. मग १० मिनिटं झाकून ठेवा. मैदा पाणी पितो आणि पीठ अजून दाट होतं. याहून जास्त वेळ मात्र थांबू नका, सोडा आणि दह्याचा वायू निघून जातो.

भाजणं

बेकिंग पार्चमेंट कागदावर एकेका फ्रिटरला साधारण ७० ग्रॅम पीठ घाला, म्हणजे भरगच्च दोन मोठे चमचे. दोन फ्रिटर्समध्ये चार सेंटिमीटर जागा हवी. चमच्याच्या टोकाने ते जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीपर्यंत पसरवा, पण वरून गुळगुळीत करू नका. जे उंचवटे आणि टोकं राहतात तीच आधी तांबूस होतात आणि कुरकुरीत लागतात. उलट मध्ये थोडा खळगा करा, म्हणजे मधला भाग कच्चा राहत नाही. कडेला उघड्या आलेल्या फोडी पिठात दाबून टाका, त्या करपतात.

वितळलेल्या बटरपैकी अर्धं ब्रशने वरून लावा, कागद उचलून तापलेल्या ट्रेवर सरकवा आणि ट्रे ओव्हनच्या मधल्यापेक्षा एक खाच वर ठेवा. १० मिनिटांनी ट्रे काढून पटकन उरलेलं बटर लावा, ट्रेची दिशा फिरवा आणि आणखी ५ ते ८ मिनिटं भाजा. हे दुसऱ्यांदा लावलेलं बटर महत्त्वाचं आहे. तोवर वरचा थर सुकलेला असतो, त्यामुळे बटर आत न मुरता वरच राहतं आणि रंग आणतं. कडा गडद तांबूस आणि मधला भाग सोनेरी झाला की झालं. सळई टोचून पाहताना फोडीत टोचू नका, ती ओलीच निघणार. थर्मामीटर असेल तर मधल्या पिठाचं तापमान ९५ अंशांच्या आसपास हवं.

ट्रेवरच गार करू नका. दोन मिनिटांत जाळीवर काढा, नाहीतर खाली साचलेल्या वाफेने तळ मऊ पडतो आणि मग तो पुन्हा कुरकुरीत करायला ओव्हन परत लावावा लागतो.

एअर फ्रायर

हेच पीठ एअर फ्रायरमध्येही चांगलं होतं, कड तर जास्तच कुरकुरीत येते. १८० अंशांवर ९ ते ११ मिनिटं, एका वेळी तीन किंवा चार. पीठ थेट जाळीवर घालू नका, ते भोकांतून खाली उतरतं. कागद घाला, पण टोपली रिकामी तापवताना नको: पंख्याच्या वाऱ्याने कागद उडून कॉइलला लागू शकतो. पिठाचं वजन पडलं की तो जागचा हलत नाही.

ग्लेझ

पिठीसाखर चाळून त्यात दूध, व्हॅनिला आणि मीठ फेटा. चमच्यावरून जाड धार पडावी आणि तिची रेघ काही सेकंद वर दिसावी. पातळ ग्लेझ सगळं खाली गळतं आणि जे राहतं ते फ्रिटरमध्ये मुरून त्याला ओला करतं. साखर घरी दळली असेल तर एक छोटा चमचा कॉर्नफ्लोर मिसळा, विकतच्या आयसिंग शुगरमध्ये ते बहुधा असतंच.

फ्रिटर ओव्हनमधून निघून साधारण १० मिनिटं झाली, हाताला कोमट लागू लागला, की वरची बाजू ग्लेझमध्ये बुडवून जाळीवर ठेवा. खूप गरम असताना बुडवलं तर ग्लेझ वितळून निघून जातं, पार गार झाल्यावर बुडवलं तर खाचांत शिरत नाही. १५ मिनिटांत त्याचा पांढुरका पापुद्रा बसतो. गोड कमी हवं असेल तर ग्लेझ वगळून भाजण्याआधी वरून जाड दाण्याची साखर भुरभुरवा. खरं तर कुरकुरीतपणा याच प्रकारात जास्त वेळ टिकतो.

बिघडलं तर

फ्रिटर पसरून चपटे झाले तर कारण पातळ पीठ, गरम फोडी किंवा न तापलेला ट्रे. आत चिकट, गचगचीत लागला तर फोडींचं पाणी पुरतं आटलेलं नसतं किंवा पिठाची जाडी दोन सेंटिमीटरच्या वर गेलेली असते. तळ करपून वर पांढरा राहत असेल तर ट्रे गडद रंगाचा किंवा पातळ असावा, त्याखाली दुसरा ट्रे ठेवा आणि खाच बदला. साबणासारखी कडवट चव आली तर सोडा जास्त झाला. फुगलेच नाहीत तर बेकिंग पावडर तपासा: अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाकल्याबरोबर जोरात फसफसली पाहिजे.

अंडं नको असेल तर त्याऐवजी ४० ग्रॅम दही आणि एक मोठा चमचा दूध घाला. रंग थोडा फिका येतो आणि आतला पोत जरा भरीव होतो. अर्धा मैदा काढून गव्हाचं पीठ घालता येतं, मात्र दूध दोन चमचे वाढवा.

फ्रिटर्स त्याच दिवशी उत्तम लागतात. आतल्या सफरचंदाचा ओलावा हळूहळू कडेपर्यंत पोचतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कड मऊ पडते. ठेवायचेच असतील तर ग्लेझ न लावता पूर्ण गार करून हवाबंद डब्यात ठेवा, फ्रीझरमध्ये महिनाभर टिकतात. खाताना १७० अंशांवर ६ ते ८ मिनिटं, फ्रीझरमधून थेट काढलेले असतील तर १२ मिनिटं गरम करा आणि ग्लेझ त्यानंतरच लावा. मायक्रोवेव्हमध्ये ते गरम होतील, पण कड परत कुरकुरीत होणार नाही.