नवरदेवाचा सूट: आधी खांदा, रंग मागाहून

दुकानात शिरण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा: समारंभ किती वाजता आहे, आणि छताखाली आहे की उघड्यावर. टक्सिडो, म्हणजे चकचकीत सॅटिन लावलेला औपचारिक सूट, हा संध्याकाळचा पोशाख. भर दुपारी उन्हात त्याची सॅटिनची लेपल (कोटाची छातीवर दुमडलेली पट्टी) उगाच चकाकत राहते, म्हणून दिवसाच्या लग्नाला निळा किंवा करडा सूट बरा. रात्री काळा शोभतोच, पण मला विचाराल तर मिडनाइट ब्लू घ्या. दिव्यांच्या पिवळ्या उजेडात काळं कापड जरा विटकं, हिरवट दिसू शकतं. हा गडद निळा मात्र काळ्याहून काळा दिसतो.

मग दिवस मोजा. शिवून घेणार असाल तर तीन महिने हाताशी हवेत, कारण मध्ये दोन-तीन ट्रायल होतात आणि प्रत्येक ट्रायलनंतर काहीतरी उसवलं जातं. तयार सूट घेऊन अल्टर करायचा असेल तर दीड महिना पुरतो. भाड्याने घेण्यात काही कमीपणा नाही, फक्त तो चार दिवस आधी हातात पडेल असं ठरवून घ्या. आदल्या संध्याकाळी मिळाला आणि बाही आखूड निघाली, तर कुणी काही करू शकत नाही.

आता खांदा. सूटमध्ये जे नंतर दुरुस्त होत नाही ते आधी बघायचं, आणि त्यात पहिला नंबर खांद्याचा. शिलाई तुमचं हाड संपतं तिथेच संपली पाहिजे. कोट घालून भिंतीला कडेने टेकून उभे राहा. दंडाआधी खांद्याचं पॅड भिंतीला लागलं तर कोट मोठा आहे, दुसरा मागा. खांदा कमी करायचा म्हणजे बाही उसवायची, कॉलरही हलवायची. टेलर ‘बघू, करून देऊ’ म्हणतो खरा, पण त्या ‘बघू’वर लग्नाचा कोट सोपवू नये. कोटाच्या लांबीचंही तसंच: खालून कापली की खिसे कडेच्या फार जवळ येतात आणि सगळा तोल बिघडतो. कॉलर मागून शर्टाला चिकटलेली हवी, मध्ये फट नको. बटण लावल्यावर पोटाशी फुलीसारख्या चुण्या पडल्या तर तो घट्ट आहे. कंबर आत घेता येते. सैल करायची असेल तर आत माया, म्हणजे शिलाईपलीकडचं जादा कापड, किती सोडली आहे ते उलटून बघा. बाहीही आखूड होते, पण बाहीची काजं खरी कापलेली असतील तर मनगटाकडून कापता येत नाही; म्हणून लांबी ठरल्याशिवाय काजं करू देऊ नका.

ट्रायलला टी-शर्ट आणि चपला घालून जाऊ नका. जवळजवळ सगळे तसेच जातात! लग्नातलाच शर्ट आणि तेच बूट हवेत, कारण हात खाली सोडल्यावर कफ बाहीतून एक-दीड सेंटीमीटर बाहेर दिसायला पाहिजे आणि पँटची लांबी बुटाच्या टाचेवर ठरते. आरशासमोर ताठ उभं राहून भागत नाही. खुर्चीत बसा, वाका, सोबत आलेल्याला घट्ट मिठी मारून बघा, दिवसभर तेच करायचं आहे. टक्सिडोवर पट्टा लावत नाहीत, त्यामुळे पँट पट्ट्याशिवाय कंबरेवर टिकते का, हेही तिथेच कळेल.

कापड लोकरीचं असावं. लेबलवरचा ‘सुपर 120’सारखा आकडा लोकरीचा तंतू किती बारीक आहे ते सांगतो, कापड किती टिकेल ते नाही. दीडशेच्या पुढचं कापड हाताला मऊ लागतं आणि बसल्या बसल्या चुरगळतं. शंभर ते एकशेवीस पुरे. फार बारीक चौकडा किंवा रेघा टाळा, कॅमेऱ्यात त्यांच्या लहरी दिसतात. आणि नवरीचा पोशाख मोतिया रंगाचा असेल तर पांढराशुभ्र शर्ट घेऊ नका. शेजारी उभं राहिल्यावर तिचा पोशाख मळका वाटतो. कापडाचा तुकडा मागून घ्या आणि दुकानाबाहेर, दिवसाच्या उजेडात लावून बघा.

बूट आठवडाभर आधीपासून घरात रोज अर्धा तास घाला. तळ चामड्याचा असेल तर त्यावर सँडपेपर फिरवा, नाहीतर गुळगुळीत फरशीवर घसराल. मोजे पोटरीपर्यंतचे.

सूट घरी आला की कोटाच्या मागच्या फटीवरचा फुलीचा टाका आणि बाहीवरचं लेबल काढा. ते दुकानात लटकण्यापुरतंच असतं. मी लेबल काढलं, टाका विसरलो. माझ्या प्रत्येक पाठमोऱ्या फोटोत ती पांढरी फुली आहे, आणि फोटोग्राफरने पाठमोरे फोटो भरपूर काढलेत. बाहेरचे खिसे मात्र शिवलेलेच राहू द्या. मोबाइल आणि किल्ल्या भरल्या की कोट एका बाजूला ओघळतो. या वस्तू कोण सांभाळणार ते आदल्या दिवशीच ठरवा, आणि त्याच्याच पिशवीत जादा शर्ट, मोज्यांचा जोड, कोटाच्या रंगाचा दोरा ओवलेली सुई आणि दोन सुटी बटणं टाका.