हिशेबाच्या क्षेत्रात पाऊल टाकताना परीक्षांच्या नियोजनातील या चुका टाळा

बारावी कॉमर्सनंतर सीए व्हायचे ठरले की जळगाव-धुळ्याकडच्या घरांत पहिली चौकशी क्लासची होते, नोंदणीच्या तारखांची क्वचितच होते. प्रत्यक्षात वर्ष वाया जाते ते बहुतेक वेळा तारखांमुळे. सीएची पहिली पायरी असलेली फाउंडेशनची परीक्षा देण्यासाठी परीक्षेच्या महिन्यापूर्वी 4 महिने नोंदणी झालेली असावी लागते. म्हणजे सप्टेंबरच्या परीक्षेसाठी साधारणपणे 1 मेपर्यंत. बारावीचा निकाल मात्र त्यानंतर लागतो; 2024 साली तो 21 मे रोजी लागला होता. ‘आधी निकाल पाहू, मग अर्ज करू’ असे म्हणणारा विद्यार्थी त्यामुळे सप्टेंबर गमावून थेट जानेवारीवर जातो. ही नोंदणी दहावीनंतरच करता येते, म्हणून बारावीच्या वर्षातच ती उरकून घ्यावी.

पदवीनंतर थेट इंटरमिजिएटला, म्हणजे सीएच्या दुसऱ्या पायरीला, प्रवेश घेणाऱ्यांसाठी वाणिज्य शाखेत 55 टक्के गुणांची अट आहे. ‘पुढे सीएच करायचे आहे, बी.कॉम. नुसते पास झाले तरी चालेल’ हा आपल्याकडे सर्रास ऐकू येणारा सल्ला म्हणूनच घातक आहे, कारण 53-54 टक्क्यांवर अडकलेल्या विद्यार्थ्याला पुन्हा फाउंडेशनपासून सुरुवात करावी लागते. इंटरमिजिएटसाठी नोंदणीनंतर 8 महिन्यांचा अभ्यासकाळ लागतो, तोही हिशेबात धरावा.

इंटरमिजिएटचे पेपर दोन ग्रुपमध्ये विभागलेले असतात. एक ग्रुप द्यावा की दोन्ही, हा निर्णय अनेकजण मित्रांच्या सांगण्यावरून घेतात. प्रत्येक पेपरला किमान 40 आणि ग्रुपमध्ये एकूण 50 टक्के गुण हवेत, हा नियम सर्वांना माहीत असतो. परंतु दोन्ही ग्रुप एकाच वेळी दिल्यास एकूण गुण एकत्र धरले जातात, याचे महत्त्व फारसे कोणी समजावून सांगत नाही. समजा, पहिल्या ग्रुपमध्ये 300 पैकी 138 आणि दुसऱ्यात 164 गुण मिळाले आणि कोणत्याही पेपरला 40 पेक्षा कमी नाहीत. ग्रुप वेगवेगळे दिले असते तर पहिल्यात हा विद्यार्थी नापास झाला असता. एकत्र दिल्यामुळे 600 पैकी 302 गुणांवर तो दोन्ही ग्रुप उत्तीर्ण होतो. अर्थात तयारी एकाच ग्रुपची असेल, तर केवळ या आशेवर दुसरा ग्रुप भरू नये.

याला जोडूनच होणारी चूक मला सर्वांत अधिक खटकते. एखादा पेपर अवघड गेला की उरलेले पेपर न देता विद्यार्थी घरी बसतात. ग्रुप नापास झाला तरी एखाद्या पेपरला 60 किंवा अधिक गुण असतील, तर पुढील तीन प्रयत्नांसाठी त्या पेपरची सूट मिळते. मात्र त्यासाठी त्या ग्रुपचे सर्व पेपर दिलेले असावे लागतात. शेवटच्या पेपरला गैरहजर राहिलेला विद्यार्थी आधीच्या चांगल्या पेपरची सूट स्वतःच्या हाताने घालवतो.

खानदेशात मोठ्या प्रमाणावर दिसणारी आणखी एक अडचण म्हणजे नोकरीलाच आर्टिकलशिप, म्हणजे सीएकडे करावे लागणारे सक्तीचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, समजणे. दालमिलमध्ये, जिनिंगमध्ये, सराफी पेढीवर किंवा करसल्लागाराकडे टॅली आणि जीएसटीचे काम लवकर मिळते, त्यातून घराला हातभार लागतो आणि कामाची ओळखही होते. ते काम उपयोगाचे आहेच, तथापि प्रशिक्षणाच्या कालावधीत त्यातला एकही दिवस मोजला जात नाही. नव्या योजनेनुसार इंटरमिजिएटचे दोन्ही ग्रुप उत्तीर्ण होऊन प्रशिक्षणवर्ग पूर्ण केल्यानंतरच, प्रॅक्टिस करणाऱ्या सीएकडे 2 वर्षांची आर्टिकलशिप सुरू होते. फर्मला भेटायला गेल्यावर केवळ स्टायपेंडची चौकशी करू नये. वर्षभरात ऑडिट किती, नुसती विवरणपत्रे भरण्याचे काम किती, आणि टॅक्स ऑडिटच्या हंगामात फाईल स्वतः हाताळायला मिळते की केवळ व्हाउचर तपासायला बसवतात, हेही विचारावे. रुजू झाल्यापासून 30 दिवसांत फॉर्म 103, म्हणजे आर्टिकलशिपच्या नोंदणीचा अर्ज, दाखल झाला आहे याची खात्री स्वतः करावी. ‘ऑफिस पाहून घेईल’ यावर विसंबू नये. कागदोपत्री आर्टिकलशिप दाखवून घरी अभ्यास करणे हा तर सरळ नियमभंग आहे. सोबत एम.कॉम. किंवा अन्य अभ्यासक्रम चालू असेल, तर त्याच्या परवानगीसाठी फॉर्म 112 भरावा लागतो.

पूर्वी आर्टिकलशिपमध्ये लांब अभ्यासरजा मिळे. आता प्रशिक्षण संपल्यावर 6 महिने अभ्यासासाठी आहेत आणि फायनल ही सीएची शेवटची परीक्षा त्यानंतरच देता येते. त्यापूर्वी स्वतःच्या गतीने ऑनलाइन शिकायचे स्वयंअध्ययनाचे चारही संच उत्तीर्ण व्हावे लागतात. ते शेवटच्या महिन्यांसाठी राखून ठेवले तर हे 6 महिने त्यांतच खर्ची पडतात, म्हणून कार्यालयातील काम हलके असलेल्या महिन्यांत एकेक संच संपवावा.

सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी), सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) असे तिन्ही अर्ज एकदम भरण्याचा मोह टाळलेला बरा. ज्यांना पतसंस्था, विकास सोसायट्या अशा सहकारी संस्थांच्या हिशेबात काम करायचे आहे, त्यांनी सहकार खात्याच्या जी.डी.सी. अँड ए. (सहकार व लेखा पदविका) परीक्षेचा विचार नोकरी सांभाळूनही करावा. सीए अर्धवट सुटल्यानंतरचा उपाय म्हणून नव्हे, तर लेखापरीक्षणाची स्वतंत्र वाट म्हणून, आणि त्या वर्षीची जाहिरात निघण्याआधीच पदवीची कागदपत्रे तयार ठेवून.