आडनाव एक, स्पेलिंगं छप्पन

नवऱ्याच्या घरचे मूळ स्कॉच-आयरिश, म्हणजे आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टरमधून १७०० च्या शतकात पेनसिल्व्हेनियात आलेले. आडनाव मॅकइल्वेन. सासऱ्यांकडे १८४० पर्यंतची माहिती होती, मागे काहीच नाही. पूर्वज शोधताना मी साउंडेक्सवर, म्हणजे सारख्या उच्चाराच्या आडनावांना एकच कोड देणाऱ्या पद्धतीवर भरवसा ठेवून बसले, तीच चूक. साउंडेक्समध्ये डब्ल्यू मोजतच नाहीत आणि व्ही मोजतात, त्यामुळे डब्ल्यूवालं स्पेलिंग एम२४५ मध्ये जातं आणि व्हीवालं एम२४१ मध्ये, म्हणजे आपल्याला दोन्ही 'व'च ऐकू येतात पण मशीनसाठी दोन वेगळी घराणी! तेव्हाचा कारकून ऐकेल तसं लिहायचा, मॅक्लवेन, मकलवेन, कधी मॅकच गायब, कधी नुसता एम आणि वर टिंब. मग मी सगळी स्पेलिंगं मोठ्याने वाचून यादी केली, मधल्या अक्षरांच्या जागी स्टार (म्हणजे तिथे कुठलंही अक्षर चालेल) टाकून शोधलं आणि नावापेक्षा शेजारी धरले. कंबरलँड काउंटीच्या टॅक्स लिस्टांमध्ये तेच दोन शेजारी दरवर्षी दिसले, मधल्या माणसाचं स्पेलिंग मात्र तीनदा बदललेलं. तोच आमचा! आयर्लंडकडचं अजून अडलंय, १९२२ मध्ये डब्लिनच्या रेकॉर्ड ऑफिसला आग लागून बरंच जळलं ना. आता तिकडचीच १७९६ ची जवस पिकवणाऱ्यांची यादी चाळतेय, तिथेही स्टार टाकूनच.