पाणी न सांडणारे रंग

डोंबिवलीतल्या आमच्या वन रूम किचनमध्ये चित्र काढायला बसायचं तर आधी सगळ्यांची जेवणं उरकावी लागत. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिल्या होत्या, हात बरा होता. लग्नानंतर पोस्टर कलरच्या बाटल्या माळ्यावर गेल्या आणि तिथेच वाळल्या. पस्तिशीनंतर पुन्हा सुरुवात केली ती पेन टॅबलेटवर. वहीएवढी पाटी, तिच्यावर पेन फिरवलं की चित्र लॅपटॉपच्या स्क्रीनवर उमटतं. काम झालं की पाटी लॅपटॉपच्या पिशवीत.

खर्चाचं आधी सांगते. पडद्याशिवायचा साधा टॅबलेट मला तीन हजारांच्या आत मिळाला. जुना लॅपटॉप घरात होताच. क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात महिन्याच्या वर्गणीची भानगड नाही. तेवढाही खर्च नको असेल तर मोबाइलवर आयबिस पेंट हे अ‍ॅप घ्या आणि बोटाने गिरवा. विक्रेते ८१९२ प्रेशर लेव्हलचं, म्हणजे पेनावरचा दाब किती बारकाईने ओळखला जातो त्याचं, कौतुक सांगतात. नवशिक्या हाताला त्यातलं फारसं काही कळत नाही. पेन बिनबॅटरीचं आहे ना, एवढं मात्र बघून घ्या.

पहिले पंधरा दिवस वैताग येतो. हात खाली, नजर वर. मला माझी सहीसुद्धा जमेना. त्यात गोल काढला की अंडं उमटायचं. दोष हाताचा नव्हता. पाटीची लांबी-रुंदी स्क्रीनच्या प्रमाणात नव्हती. टॅबलेट चालवणाऱ्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ते प्रमाण जुळवलं आणि गोल गोल झाले. रेघ थरथरत असेल तर क्रितातला स्टॅबिलायझर लावा, पण बेतानेच, नाहीतर रेघ पेनाच्या मागून रेंगाळत येते. शेकडो ब्रश दिसतील, त्यातला एकच धरून महिना काढा. मी ब्रश चाळण्यातच दोन रविवार घालवले.

लेयरचा, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांचा, मोह मात्र जरूर धरा. खाली कच्चं रेखाटन, वर रंग. रंग बिघडला तर तेवढाच पुसायचा. जलरंगात एक थेंब ओघळला की कागद गेला, हे ज्यांनी सोसलंय त्यांना याचं सुख कळेल.

नणंदेच्या वास्तुशांतीला द्यायला गणपती केला. कॅनव्हास जेमतेम ८०० पिक्सेलचा होता. छापल्यावर सोंडेच्या कडा फाटल्यासारख्या आल्या आणि स्क्रीनवरचा झळझळीत शेंदरी विटकरी झाला. ए४ छापायचं असेल तर सुरुवातीलाच ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके), म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल घ्या. आणि स्क्रीन उजेडाने रंग दाखवते, छपाई शाईने; भडक रंग कागदावर थोडे मरतातच. आधी एक लहान प्रिंट काढून बघा.

शाळेत चित्रकलेच्या बाई कागद उलटा करून उजेडात धरायला लावायच्या, चूक लगेच दिसायची. क्रितात त्यासाठी कीबोर्डवरचं एम दाबायचं, चित्र आरशातल्यासारखं उलटतं. त्या गणपतीचा डावा डोळा खाली घसरलाय, हे मला असंच कळलं. प्रिंट देऊन झाल्यावर.