टेन्शनरची पुली खोलायला बसण्याआधी

गाडीच्या इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला अल्टरनेटर, एसी वगैरे फिरवणारा बेल्ट असतो, आणि त्याला ताणून धरतो तो टेन्शनर. त्याच्या पुलीचं, म्हणजे बेल्ट ज्यावरून जातो त्या चाकाचं, बेअरिंग गेलं की आवाज सुरू होतो. पहिली तयारी कानाची. सकाळी सेल्फ मारल्यावर उजव्या चाकाच्या अंगाने किर्रर्र होतं, जरा वेळाने बसतं, एसी लावला की परत उठतं. एवढ्यावरून दुकान गाठू नका. मी गाठलं होतं. पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला आवाज लागला, दुसऱ्या दिवशी नवा बेल्ट टाकून घेतला आणि त्याच आठवड्यात साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात पहिल्या वळणाला तोच आवाज हजर. बेल्टचा काही दोषच नव्हता.

म्हणून आधी पाण्याची बाटली घ्या, झाकणाला भोक पाडलेली. इंजिन चालू ठेवून बेल्टच्या पन्हाळीच्या, म्हणजे लांब खाचांच्या, बाजूवर चार थेंब उडवा. आवाज क्षणभर दबला किंवा उलट वाढला, तर भानगड बेल्टची किंवा ताणाची. काहीच फरक पडला नाही तर संशय पुलीच्या बेअरिंगवर घ्यायचा. हे करताना बाही दुमडलेली, गळ्यातली चेन काढून ठेवलेली आणि बोटं बेल्टपासून लांब. बेल्टला साबण घासायचा किंवा स्प्रे मारायचा सल्ला कोणी ना कोणी देईलच. त्याने आवाज दोन दिवस झाकतो आणि तेवढे दोन दिवस तुम्ही गाफील राहता.

खरा निकाल मात्र बेल्ट उतरवल्यावरच लागतो. त्यामुळे हे काम दोन बैठकांचं धरा. पहिल्या बैठकीत फक्त तपासणी. इंजिन गार, किल्ली खिशात, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. बेल्ट उतरवण्याआधी त्याच्या वाटेचा फोटो काढा, एक वरून आणि एक चाकाच्या बाजूने, आणि शिवाय कागदावर हाताने आकृती काढा. फोटोत बेल्ट पुलीच्या वरून गेलाय की खालून, हे ऐनवेळी दिसत नाही. मी एकदा दुधाच्या बिलामागे काढलेल्या आकृतीवर तरून गेलोय.

बेल्ट निघाला की टेन्शनरची पुली बोटाने फिरवा. धड पुली किंचित जड फिरते, आतल्या ग्रीसचा लोण्यासारखा अडथळा जाणवतो आणि आवाज न करता थांबते. गेलेली पुली एका झटक्यात भिरभिर फिरत राहते आणि कोरड्या जात्यासारखी घरघरते. मग कडा दोन बोटांत धरून हलवून पाहा. जरा जरी खेळ, म्हणजे सैलपणा, लागला तर विषय संपला. सीलभोवती तांबूस भुकटी किंवा बाहेर उडालेलं ग्रीस दिसलं तरी तेच. हात घातलाच आहे तर आयडलर (बेल्टला नुसतं वळण देणारी पुली), अल्टरनेटर आणि बाहेरच्या बेल्टवर असेल तर वॉटर पंपही फिरवून घ्या. एकाच्या आवाजात दुसरा लपलेला असतो.

खेळ सापडला की गाडी घरीच. बेअरिंग जाम झालं तर बेल्ट तुटतो किंवा उतरतो. मग चार्जिंग थांबतं, हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल तर ते दगडासारखं होतं आणि वॉटर पंप याच बेल्टवर असेल तर तापमानाचा काटा वर चढतो. सुट्टीच्या दिवशी कासच्या रस्त्यावर, गाड्यांच्या रांगेत, हे नको.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. हे सगळं बाहेरच्या बेल्टबद्दल आहे. कव्हरच्या आतल्या, व्हॉल्व्हची वेळ जुळवणाऱ्या टायमिंग बेल्टचाही टेन्शनर असतो, पण तिथे एक दात चुकला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. ते काम मिस्त्रीचंच.

खरेदीला जाताना आरसी आणि जुना बेल्ट सोबत न्या. बेल्टवर ६पीके आणि पुढे आकडा असेल, तर ६ म्हणजे पन्हाळी आणि पुढचा आकडा म्हणजे मिलिमीटरमध्ये लांबी. पुली गुळगुळीत आहे की पन्हाळीची, रुंदी किती, मधलं भोक किती, हे जुन्या पुलीशी लावूनच घ्या. नुसती पुली की अख्खा टेन्शनर? तपासताना हाताला स्प्रिंग मऊ लागली किंवा इंजिन चालू असताना टेन्शनरचा हात, म्हणजे पुली धरणारी दांडी, थरथरत होता, तर अख्खाच घ्या, पैसे दोनदा जात नाहीत. काही पुल्यांत ६२०३ नंबरचं साधं बेअरिंग असतं, १७ बाय ४० बाय १२ मिलिमीटरचं (आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी), आणि जुने मिस्त्री व्हाइसमध्ये दाबून तेवढंच बदलून देतात. लोखंडी पुलीला चालतं. प्लॅस्टिकच्या पुलीला मी हा प्रयोग करत नाही, ती दाबताना तडकते.

आता जागा, कारण पुढचं चाक काढून त्या बाजूने हात घालायचा आहे. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या पेठांत राहणाऱ्याला सपाट जमीन शोधणं हेच अर्धं काम. उतारावर जॅक लावायचा नाही, मग मित्राच्या अंगणात जावं लागलं तरी चालेल. मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक वर, चाकाचे नट आधी अर्धे सैल आणि जॅकसोबत स्टँड हवाच. चाकामागच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा निघताना तुटतात, चारेक जादा आणून ठेवा. बोल्ट ठेवायला वाटी, टॉर्च, फडकं.

हत्यारांत गोटी पान्यांचा सेट आणि टेन्शनर ओढायला लांब दांड्याचा पाना. काही टेन्शनरला षटकोनी डोकं असतं, काहींना चौकोनी खाच, तेव्हा आधी वाकून पाहा. टेन्शनरचा ओढलेला हात अडकवायला भोक असेल तर त्यात जाईल अशी ॲलन की (षटकोनी सळीचा पाना) हवी. आणि बोल्टवर जोर लावण्याआधी मॅन्युअल बघा, काही गाड्यांत आटे उलटे असतात. किती घट्ट करायचा तो आकडाही तिथेच मिळेल, घट्टपणा मोजणारा टॉर्क पाना शेजाऱ्याकडून मागून आणला तरी चालतो.

बेल्ट चढवला की प्रत्येक पुलीवर बोट फिरवून पन्हाळी बसल्यात का ते बघायचं, क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) बोल्टला पाना लावून इंजिन चालतं त्याच दिशेने एक फेरा हाताने फिरवायचा, हत्यारं मोजायची आणि मगच बॅटरी जोडायची. यवतेश्वरच्या चढाला काच खाली करून, एसी लावून एक चक्कर मारा. जुना बेल्ट धड असेल तर फेकू नका, आकृतीच्या कागदात गुंडाळून डिकीत टाका.