विकास आराखड्यावर हरकत नोंदवायची कशी? नवी मुंबईकरांसाठी मार्गदर्शन

सोसायटीसमोरच्या रिकाम्या प्लॉटवर पोरं रोज क्रिकेट खेळतात, म्हणून तो प्लॉट मैदान ठरत नाही. विकास आराखड्यात, म्हणजे शहरातली कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या पालिकेच्या नकाशात, त्यावर मैदानाचं आरक्षण असेल, तरच ते मैदान. नवी मुंबईत हा फरक फार महागात पडतो, कारण इथली बहुतेक जमीन सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, आणि रिकामे भूखंड सिडको निविदा काढून विकते. पालिकेला शाळा, मैदान, दवाखान्यासाठी हवे असलेले भूखंड विक्रीला निघाल्यावरून दोन्ही संस्थांमध्ये अनेकदा खटके उडाले आहेत. रहिवाशांना यात बोलायचा हक्क कायद्याने दिलेला आहे आणि तो वापरायला वकील लागत नाही. लागते ती मुदतीत दिलेली, नेमकी, लेखी हरकत.

नोटीस कोणाची, कोणत्या कलमाखालची

वाशी, नेरूळ, बेलापूर, कोपरखैरणे, ऐरोली हा भाग नवी मुंबई महापालिकेचा. ही पालिका 1992 साली अस्तित्वात आली. खारघर, कामोठे, कळंबोलीचे लोक पत्त्यात नवी मुंबई लिहितात खरे, पण त्यांचं नियोजन प्राधिकरण, म्हणजे आराखडा करणारी संस्था, 2016 साली झालेली पनवेल महापालिका. उलव्याला सिडको आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात एमआयडीसी. हरकत चुकीच्या दारात गेली तर ती तिथून योग्य टेबलावर पोहोचेपर्यंत मुदत संपलेली असते.

कायदा सगळीकडे एकच आहे: महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966. त्यातलं कलम 26 म्हणजे संपूर्ण शहराचा प्रारूप, म्हणजे अजून मंजूर न झालेला, आराखडा. तो प्रसिद्ध झाला की राजपत्रातल्या नोटिशीपासून 30 दिवसांत हरकती व सूचना द्यायच्या असतात. नवी मुंबई पालिकेचा असा आराखडा 2022 च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा हजारो हरकती आल्या. सीवूड्सजवळच्या एनआरआय वसाहत आणि टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या परिसरातल्या पाणथळ जागांसाठी पर्यावरणप्रेमींनी जोर लावला होता.

असा आराखडा एका पिढीत एकदाच येतो, म्हणून त्याची चर्चा होते. माझ्या मते जास्त डोळे उघडे ठेवायला हवेत ते कलम 37 च्या नोटिशीवर. मंजूर आराखड्यात एखाद्याच भूखंडाचं आरक्षण बदलायचं किंवा रस्त्याची आखणी सरकवायची असेल तर या कलमाखाली फेरबदल होतो. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात जाहीर सूचना येते, हरकतीला एक महिना मिळतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. सोसायटीत एकाने तरी पालिकेच्या वेबसाइटवरच्या जाहीर सूचना आठवड्यातून एकदा बघायचं काम अंगावर घ्यावं.

नकाशा वाचणं

मोबाइलवर आलेल्या फोटोवर विसंबू नका. नगररचना विभागात जाऊन नकाशा प्रत्यक्ष बघता येतो आणि फी भरून प्रतही मिळते. ठाण्यात याच विभागाला शहर विकास विभाग म्हणतात. तिथल्या नातेवाइकांना कळवाल तर नाव तसं सांगा.

नकाशा हातात आला की आधी प्रमाण बघा. 1:4000 असेल तर कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे 40 मीटर. म्हणजे 15 मीटरचा रस्ता कागदावर चार मिलिमीटरही भरत नाही, आणि दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर 8 मीटरचा फरक पडतो. तुमच्या कंपाउंडची भिंत रस्तारुंदीत बाधित होते की नाही, हे अशा नकाशावर डोळ्यांनी ठरवता येत नाही. शंका आली तर त्या भूखंडाचा मोठ्या प्रमाणातला भाग नकाशा रीतसर अर्ज करून मागा.

मग तीन गोष्टी शोधा: तुमची इमारत, तिच्यासमोरच्या रस्त्याची प्रस्तावित रुंदी आणि आसपासचे मोकळे भूखंड. रंगावरून झोन कळतो, पिवळा म्हणजे निवासी. आरक्षणाला क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकापुढे अहवालातल्या तक्त्यात नेमकं काय होणार ते लिहिलेलं असतं. नकाशा बघून तक्ता न बघता परत आलात तर अर्धंच काम झालं. विद्यमान जमीन वापराचा नकाशाही शेजारी ठेवा. आज जिथे उद्यान आहे तिथे नव्या नकाशात नुसता पिवळा रंग दिसला, तर तुमची हरकत तिथेच सापडली.

गावठाणातल्या घरांनी जास्त काळजी घ्यावी. मूळ गावांतली घरं दाटीने वाढलेली आहेत आणि नकाशावरची रस्त्याची सरळ रेघ त्यातल्या कुणाच्याही ओटीवरून जाऊ शकते. घरपट्टीची पावती, वीजबिल, जुने फोटो, असेल तर सात-बारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा आत्ताच एका फाइलमध्ये लावून ठेवा.

हरकत लिहिणं

अर्ज आयुक्तांच्या नावे, मराठीत, एका पानात. विषयाच्या ओळीत कलम आणि नोटिशीची तारीख हवीच. एका अर्जात एकच मुद्दा घ्या. मैदान, पार्किंग आणि पाणी एकाच पत्रात कोंबलं की तिन्हींचं उत्तर गुळमुळीत येतं.

“आमच्या विभागात मोकळ्या जागा कमी होत आहेत, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा,” या वाक्यावर कुणीही निर्णय घेऊ शकत नाही. त्याऐवजी असं लिहा: “नकाशा पत्र क्रमांक अमुक, सेक्टर अमुक, भूखंड क्रमांक अमुक. विद्यमान वापर: खेळाचे मैदान. प्रस्तावित वापर: निवासी. आमची मागणी: सदर भूखंड खेळाच्या मैदानासाठी आरक्षित करावा.” खाली कारणं, तीही तपासता येतील अशी: जवळचं दुसरं मैदान किती अंतरावर आहे, मध्ये कोणता हमरस्ता ओलांडावा लागतो, शेजारच्या शाळेला स्वतःचं पटांगण आहे का. सोबत नकाशाची प्रत जोडून जागा लाल पेनने दाखवा. आरक्षण नको असेल तर ते कुठे हलवता येईल तेही सुचवा. नुसत्या विरोधापेक्षा पर्याय जास्त ऐकला जातो.

छापील मजकुराखाली शेकडो सह्या गोळा करायची पद्धत आहे. त्याने संख्या दिसते, पण एकाच मजकुराच्या प्रती एकच मुद्दा म्हणून निकाली निघू शकतात. घराघराने आपलं कारण आपल्या शब्दांत लिहिलेलं मला जास्त मोलाचं वाटतं. सोसायटीच्या वतीने द्यायची असेल तर ठरावाची प्रत आणि सेक्रेटरीची सही जोडा. अर्जाच्या शेवटी “प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी” ही ओळ आठवणीने लिहा.

दोन प्रती न्या. आवक विभागात एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही पोच लॅमिनेट करू नका, झेरॉक्स काढून मूळ प्रत जपा. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, त्या दिवशी खिडकीवर झुंबड असते.

सुनावणी

हरकती नियोजन समितीपुढे जातात. समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना किंवा पर्यावरणातले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. पत्र आलं की जा, न चुकता जा. अनेकांना एकत्र बोलावलं असेल तर बोलायला एकच माणूस ठरवा, बाकीच्यांनी फोटो आणि नकाशा हातात ठेवावा. मिनिटभरात मुद्दा मांडता आला पाहिजे. अध्यक्षांनी “लेखी द्या” म्हटलं तर द्यायला जादा प्रत जवळ असू द्या.

त्यानंतर

समितीच्या अहवालावरून पालिका बदल करते, ते प्रसिद्ध करते आणि आराखडा राज्य सरकारकडे जातो. सरकारने मोठे, मूलभूत बदल सुचवले तर त्या भागावर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात, म्हणून पालिकेच्या टप्प्यावर जिंकलो असं समजून फाइल बंद करू नका. मधल्या काळात परवानगी देताना प्रारूप आराखड्याचाही विचार करावा लागतो (कलम 46). नवं घर घेणाऱ्यांनी त्यामुळे मंजूर आणि प्रारूप, दोन्ही नकाशे बघावेत.

तुमच्या हरकतीवर काय ठरलं ते कुणी कळवलं नाही, तर माहिती अधिकारात विचारा. अर्ज 150 शब्दांच्या आत, विषय एकच, फी 10 रुपये. आवक क्रमांक टाकून “या हरकतीवरील नियोजन समितीचा अभिप्राय व त्याची प्रत” एवढंच मागा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर 20 रुपये भरून पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे करता येतं.