गोठा असा मांडा

नाताळचा गोठा म्हणजे बाळ येशूच्या जन्माचा मूर्तींचा देखावा. त्यासाठी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पसरट ताटलीत माती घालून नाचणी पेरा, रोज पाणी शिंपडा. नाताळपर्यंत गोठ्यापुढे हिरवं शेत तयार. आम्ही वसईकर प्लास्टिकचं गवत वापरत नाही; निदान मी तरी नाही.

छपराला पेंढा पुरे. दिव्यांची माळ एकच लावा, झगमगाट केला की बाळाकडे कुणी बघत नाही. देव माणूस झाला आणि निजला गव्हाणीत, हे डोळ्यांनी दिसावं म्हणून तर १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने खरा बैल, खरं गाढव आणि गवत आणवलं होतं.

गव्हाणी २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवा. मिस्साहून (चर्चमधल्या उपासनेहून) आल्यावर घरातल्या सर्वांत लहानाच्या हातून बाळ ठेवा.

मेंढपाळ अगदी जवळ मांडा. बायबलमध्ये लूक सांगतो, ते घाईने आले. बाळाच्या दर्शनाला येणारे तीन राजे लांब, टीव्हीच्या कपाटावर (तीन हा आकडा बायबलमध्ये त्यांची गोष्ट सांगणाऱ्या मत्तयने दिलेला नाही, पण मूर्ती तीनच मिळतात). रोज थोडे पुढे सरकवा, ६ जानेवारीला पोचतील. हेरोद राजाची मूर्ती नसते, तरी मुलांना सांगा: बाळाच्या जन्माची तीच बातमी ऐकून एक राजा घाबरलाही होता. नंतर नाचणी गाईला घाला.